पायांनी मिळवलेली बोली

गो. नी. दांडेकर म्हटले की डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहतो. पण हा माणूस मूळचा आपल्या वऱ्हाडात जन्मलेला. ८ जुलै १९१६ रोजी ते परतवाड्यात जन्मले. गांधीजींच्या हाकेला ओ देत तेराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. पुढे गाडगे महाराजांचा सहवास लाभला, नर्मदेची पायी परिक्रमा झाली. १९४७ मध्ये त्यांनी लेखणीवरच जगायचे ठरवले.

त्यांचे प्रवासवर्णन आणि कादंबरी यांच्यात भिंत नाही. नर्मदाकाठच्या पायपिटीतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. गडकिल्ल्यांच्या भटकंतीतून ‘दुर्गभ्रमणगाथा’ आली, तसाच राजमाचीवरचा ‘माचीवरला बुधा’ही आला. ‘पडघवली’त कोकणातले खेडे आहे. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांची वस्ती आहे, त्यावर १९७७ साली जब्बार पटेलांनी चित्रपट केला. आणि ‘पूर्णामायची लेकरं’ तर थेट वऱ्हाडी बोलीत!

प्रवासी सहसा डोळे घेऊन जातो. दांडेकर कानही घेऊन गेले. जिथे गेले तिथली बोली त्यांनी ऐकली, आणि मगच तिथल्या माणसांना आपल्या पुस्तकात बोलते केले. त्यांच्या खेड्यांत कधी कधी गोडवा जरा जास्त वाटतो, हे खरे. पण ती माणसे पुस्तकी बोलत नाहीत.

मला हे महत्त्वाचे वाटते, त्याला कारण आहे. माझ्या घरची बोली हिंदी-उर्दूची. मराठी मी शाळेत, शेजारात, इतवारीच्या बाजारात ऐकत शिकलो. आजही कुणी कौतुकाने विचारतो, “तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरी त्या प्रश्नात मी पाहुणा ठरतो. अशा वेळी मला दांडेकर आठवतात. ठाकरांची किंवा कोकणची बोली त्यांना जन्माने मिळाली नव्हती. ती त्यांनी चालून, ऐकून मिळवली, आणि मराठी वाचकाने ती त्यांची मानली.

‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १ जून १९९८ रोजी ते गेले.

‘पूर्णामायची लेकरं’ घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. वऱ्हाडीला हसणारी आपलीच मुले ती ऐकून गप्प होतील.