आधी दोघांचं रक्त, मग भ्रूण



वऱ्हाडात टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाटीचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा अकोल्याच्या जोडप्याला या उपचारासाठी मुंबईची गाडी धरावी लागे. आज अमरावतीत आणि अकोल्यात स्त्रीबीज काढलं जातं, प्रयोगशाळेत फलित होतं आणि काही दिवस वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडला जातो. अलीकडे या उपचारात एक शब्द वारंवार कानी पडू लागला आहे: पीजीटी. भ्रूण आत सोडण्याआधी त्याची जनुकीय तपासणी. ‘तेवढी करून घ्या, म्हणजे बाळाची काळजीच नको,’ असं कुणी म्हटलं, की वर्षानुवर्षं वाट पाहिलेलं जोडपं नाही कसं म्हणणार?

नाही म्हणायचं की हो, हे ठरण्याआधी एक गोष्ट कळायला हवी. पीजीटी ही एकच तपासणी नव्हे. या नावाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात. घराण्यातला ठरावीक आनुवंशिक आजार भ्रूणात उतरला आहे का, हे पाहणं हे पहिलं. आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांची मांडणीच बदललेली असेल, तर तिचा परिणाम भ्रूणावर झाला आहे का, हे दुसरं. आणि घराण्यात काहीच नसताना, भ्रूणात गुणसूत्रं कमी-जास्त आहेत का, हे तिसरं. या तिन्हींची गरज, भरवसा आणि उपयोग सारखा नाही. जाहिरात मात्र तिन्हींची एकाच दमात होते.

वऱ्हाडापुरतं बोलायचं, तर पहिलं काम सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे.

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली नागपूरहून वैद्यकीय जगापुढे ठेवली. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभरच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्तं तपासली; त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांची संघटना उभी केली, त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट घेऊन. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू वस्त्यांपासून अमरावती शहरापर्यंत हा आजार ओळखीचा आहे. तो एकाच जातीचा किंवा फक्त जंगलातला, ही समजूत चुकीची आहे आणि ती फार महागात पडते.

त्याच्या शेजारी दुसरा आजार बसलेला आहे, थॅलेसेमिया. अकोल्याची सिंधी कॅम्प, अमरावतीची रामपुरी कॅम्प, इथल्या सिंधी कुटुंबांना हे नाव नवं नाही. फाळणीनंतर आलेल्या या समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. पण वाहक इतर समाजांतही आहेत. भारतात दरवर्षी दहा हजारांच्या वर बालकं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. अशा बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्यातून अंगात साठणारं लोह काढायला आयुष्यभर औषध घ्यावं लागतं.

दोन्ही आजारांचा हिशेब एकसारखा आहे. सिकलसेल वाहक, म्हणजे आशाताई किंवा लॅबवाले ज्याला ‘एएस’ म्हणतात, तो आजारी नसतो. शेतात राबतो, क्रिकेट खेळतो, नव्वदी गाठतो. प्रश्न उभा राहतो तो दोन वाहकांचं लग्न झालं तर. मग प्रत्येक गर्भारपणात मूल ‘एसएस’, म्हणजे आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळं होण्याची चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तिन्ही सुटली, असं होत नाही. दरवेळी हिशेब नव्याने सुरू होतो. एक सिकलसेल वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया वाहक असला, तरी मुलाला दोन्हींचा मिळून आजार होऊ शकतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे, तिथे दोघांना एकाच आजोबाकडून तोच दोष मिळालेला असण्याची शक्यता वाढते.

म्हणून भ्रूणाच्या तपासणीची गोष्ट सुरू होते ती नवरा-बायकोच्या रक्तापासून. ‘आमच्या खानदानीत असं काई नाई जी,’ हे उत्तर दवाखान्यात रोज ऐकू येतं. वाहकाला काही होतच नाही, तर खानदानीला कळणार कुठून? शिबिरात होणारी सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे तिला ओळखता येत नाही, आणि थॅलेसेमिया तर दिसतच नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस हवी, आणि ती दोघांची. त्यातही दोन खबरदाऱ्या. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल, तर अहवाल दुसऱ्याच्या रक्ताचा येऊ शकतो. आणि अंगात लोह फार कमी असेल, तर थॅलेसेमियाचा वाहक नजरेतून सुटू शकतो. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, अशी सून घरात असेल, तर टॉनिक बदलत बसण्यापेक्षा ही तपासणी करावी. सुनेची झाली की मुलाचीही करावी. दोष मोजायची वेळ आली की आपल्याकडे बोट फक्त सुनेकडे जातं, आणि नेमकी तिथेच निदानाची वाट चुकते.

दोघेही वाहक निघाले, तर पुढे काय? इथे बऱ्याच जोडप्यांना पूर्ण चित्र सांगितलं जात नाही. ज्यांना दिवस आपोआप राहतात, त्यांना आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, करावाच लागतो असं नाही. गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल काढून, गर्भ आजारी आहे का हे तपासता येतं. वेळेत निदान झालं, तर गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्णयाला वाव आहे. हा मार्ग आयव्हीएफपेक्षा कितीतरी स्वस्त. पण निदान वाईट आलं, तर वाढता गर्भ पाडण्याचा निर्णय आईबापाच्या पुढ्यात येतो. एकदा त्यातून गेलेली, किंवा घरात एक आजारी लेकरू सांभाळणारी आई पुन्हा ती परीक्षा द्यायला तयार नसते. अशा जोडप्यासाठी भ्रूणाची तपासणी खरोखर मोलाची आहे. मूल होत नाही म्हणून ज्यांना आयव्हीएफ करायचंच आहे आणि दोघे वाहकही आहेत, त्यांच्यासाठीही.

सिकलसेलसाठी ही वाट पहिल्यांदा यशस्वी झाली ती न्यूयॉर्कमध्ये, आणि ती हकीकत १९९९ साली प्रसिद्ध झाली. नवरा-बायको दोघेही वाहक. पहिला प्रयत्न फसला, गर्भ राहिला नाही. दुसऱ्या वेळी भ्रूण तपासून सोडले, जुळी राहिली, गर्भजल तपासून पुन्हा खात्री केली आणि दोन्ही बाळं निरोगी जन्मली. त्या हकिकतीतला पहिला फसलेला प्रयत्न आणि शेवटची गर्भजलाची तपासणी, या दोन गोष्टी जाहिरातीत कधीच सापडत नाहीत.

प्रत्यक्षात होतं ते असं. आयव्हीएफ सुरू होण्याच्या काही आठवडे आधी नवरा, बायको आणि आजारी मूल असेल तर त्याचंही रक्त जनुकीय प्रयोगशाळेत जातं; कधी आजी-आजोबांचंही लागतं. सिकलसेलचा दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात, एका अक्षराच्या बदलाएवढा. मोजक्या पेशींतून तो वाचताना एखादी प्रत निसटू शकते, म्हणून त्याच्या आजूबाजूच्या खुणा आधी कुटुंबात पक्क्या करून ठेवतात. ही तयारी न करता ‘आधी भ्रूण बनवू, मग पाहू’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. त्यानंतर दहा-बारा दिवस इंजेक्शनं, भूल देऊन स्त्रीबीज काढणं, फलन. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्यातून पुढे वार बनते, पाच ते दहा पेशी काढतात. भ्रूण गोठवलेल्या अवस्थेत सेंटरमध्येच राहतो. प्रवास करतात त्या पेशी, बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे.

आकड्यांची तयारी मनाशी हवी. दहा स्त्रीबीजं निघाली म्हणून दहा भ्रूण होत नाहीत. तपासण्याजोग्या अवस्थेला तीन-चार पोचले तरी पुष्कळ. त्यातले काही आजारी निघणार, उरलेल्यांतलाही प्रत्येक रुजणार नाही. आयव्हीएफच्या एका सायकलला लाख-दीड लाखाच्या पुढे खर्च जातो आणि जनुकीय तपासणीचे पैसे वेगळे. आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: वाहक भ्रूण टाकून द्यायचा नसतो. त्यातून जन्मणारं मूल त्याच्या आईबापाइतकंच धडधाकट असतं. आईबाप स्वतः एएस असताना ‘आम्हाला एएस नको’ म्हणत चांगले भ्रूण नाकारू लागले, तर समुपदेशन कुठेतरी कमी पडलं आहे.

स्त्री स्वतः सिकलसेलची रुग्ण असेल, तर बाब आणखी नाजूक. बीज वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर गर्भारपणाआधी त्याचा विचार रक्तविकारतज्ज्ञासोबत करावा लागतो. अशा वेळी एकट्या वंध्यत्वतज्ज्ञावर भागत नाही.

दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. लागोपाठ गर्भपात होत असतील, तर दोघांची कॅरिओटाइप ही रक्ततपासणी करावी. एखाद्याच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात जागा बदलून बसलेले निघाले, तर भ्रूण तपासण्याला अर्थ आहे.

सर्वांत जास्त विकली जाते ती तिसरी तपासणी. घराण्यात आजार नाही, दोघांची गुणसूत्रं ठीक, तरी प्रत्येक भ्रूणातल्या गुणसूत्रांची मोजदाद. कल्पना पटण्याजोगी आहे: वय वाढेल तशा स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांच्या चुका वाढतात आणि असे भ्रूण रुजत नाहीत किंवा पडतात, मग आधीच निवडले तर यश वाढेल. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर ही कल्पना तपासून पाहिली गेली. निष्कर्ष २०२१ साली आले. या स्त्रिया ३७ वर्षांपर्यंतच्या, चांगले भ्रूण असलेल्या. तपासणी केलेल्यांत ७७.२ टक्के जणींना मूल झालं, न केलेल्यांत ८१.८ टक्के. म्हणजे तरुण जोडप्याला या तपासणीने मूल होण्याची शक्यता वाढली नाही. ब्रिटनची प्रजनन उपचारांवरची नियामक संस्थाही बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी तिची शिफारस करत नाही. गर्भपात कमी होण्यापुरता तिचा उपयोग मान्य करते. तेव्हा अडतिशी-चाळिशीतल्या किंवा वारंवार गर्भपात सोसलेल्या स्त्रीने डॉक्टरांशी तिचा विचार जरूर करावा. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला ती सरसकट सुचवली जात असेल, तर का, एवढं विचारावं.

शिवाय शितावरून भाताची परीक्षा इथे दरवेळी लागू पडत नाही. एकाच भ्रूणात काही पेशी नीट आणि काही चुकलेल्या असू शकतात. इटलीतल्या डॉक्टरांनी असे संमिश्र ठरलेले भ्रूण १८ स्त्रियांना दिले आणि त्यांतून सहा निरोगी बाळं झाली. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. त्यामुळे ‘मोझेक’ असा शेरा आला, तर तो भ्रूण फेकण्याच्या कागदावर सही करण्याआधी जनुकीय समुपदेशकाचं मत घ्यावं.

आता कायदा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीचं लिंगनिवडीचं तंत्रही त्याच्या कक्षेत आलं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूणाची तपासणी फक्त आनुवंशिक आजारांसाठी मर्यादित केली आहे. परदेशात भ्रूणाची उंची-हुशारी वर्तवू पाहणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, तो धंदा इथे बसत नाही. लिंगनिवडीची जाहिरात किंवा सोय करणाऱ्याला पाच ते दहा वर्षं कैद, किंवा दहा ते पंचवीस लाख दंड, किंवा दोन्ही. तपासणीत लिंग प्रयोगशाळेला दिसू शकतं, अहवालात मात्र ते येत नाही. ‘तेवढं सांगून टाका’ म्हणणारे नातेवाईक डॉक्टरसोबत स्वतःलाही अडचणीत आणतात. लिंगाशी जोडलेल्या आजारांचा अपवाद कायद्यात आहे, आणि तो त्या आजारांपुरताच.

ज्यांना आज संध्याकाळीच काहीतरी करायचं आहे, त्यांनी सेंटरचा फोन फिरवण्याआधी घरातले जुने अहवाल आणि सिकलसेल कार्ड शोधून ठेवावीत. नसतील, तर अमरावतीत इर्विन किंवा डफरीन, अकोल्यात सर्वोपचार किंवा लेडी हार्डिंग या रुग्णालयांत रक्ततपासणीची चौकशी करावी. दोघे वाहक निघाले, तर सेंटरला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. तीनपैकी कोणती तपासणी सुचवता आहात आणि कशासाठी? कुटुंबाच्या रक्ताची पूर्वतयारी कोणती प्रयोगशाळा करणार? तपासायला एकही भ्रूण उरला नाही, तर कोणते पैसे परत मिळणार? आणि उरलेले भ्रूण किती काळ ठेवणार? कायद्याने ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे. तपासलेला भ्रूण रुजला, तरी चुकीची थोडी शक्यता उरतेच. म्हणून वारेची किंवा गर्भजलाची तपासणी कुठे करायची, ती तारीख पहिल्या सोनोग्राफीच्या वेळीच ठरवून घ्यावी. अकरावा आठवडा फार लवकर येतो, आणि धारणीहून घाट उतरून येणाऱ्या जोडप्याला ऐनवेळी धावपळ जमत नाही.