डोंगरवाटेचे दिशायंत्र

श्रोतेहो, मुलांची सहल हरिश्चंद्रगडावर न्यायची आणि कोकणकड्याजवळ धुके उतरले, तर? दहा पावलांवरचा कडा दिसत नाही.

निदान ४ उपग्रहांचे संदेश मिळाले की जीपीएस आपली जागा सांगते. त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. म्हणून ऑसमॅन्ड किंवा ऑरगॅनिक मॅप्स घ्यावे आणि नकाशा घरीच भरून ठेवावा. समोच्च रेषा दाटल्या की उतार उभा, हे गुरुजींना काय सांगायचे!

मग हातातले वेगळे यंत्र कशाला? एका दिवसाच्या फेरीला नकोच. खिशातला फोन पुरे. पण तीन-चार दिवस भटकायचे, वरून पाऊस, तर फोनची बॅटरी उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स बटणांवर चालते; दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास. आणि सेल काय, वाण्याकडेही मिळतात.

मात्र उभ्या कड्यालगत संदेश खडकावर आपटून येतात, मग जागा काही मीटर चुकते. तिथे काठ यंत्रात पाहू नये. पाचनईहून निघताना गावचा वाटाड्या घ्यावा, गावाची खूण यंत्रात नोंदवावी, मग चढायला लागावे.