सोने येते कोठून?

(वाशी येथील वार्षिक स्नेहसंमेलनाच्या बालसभेत केलेले भाषण)

बालमित्रांनो, आणि त्यांच्यामागे बसून तितक्याच कुतूहलाने ऐकणाऱ्या ज्ञातिबंधुभगिनींनो,

आजच्या विषयाचे श्रेय आमचे नव्हे. ते आपल्यातीलच एका दहा वर्षांच्या मुलाचे आहे. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यास एका काळ्या दगडात पिवळे कण चमकताना दिसले. दगड खिशात घालून तो घरी आला आणि सोने सापडल्याचे त्याने जाहीर केले. मंडळी हसली. आम्हीही हसलो, हे कबूल करतो. वास्तविक सोनाराच्या घरी कोणी सोने म्हणून काही आणले तर हसण्यापूर्वी कस लावावयाचा असतो. पण ते फक्त आजोबांस आठवले. त्यांनी कपाटातून आपल्या वडिलांची कसोटी काढली. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम येऊन चौदा कॅरटांवरील दागिने घडविण्यास बंदी झाली, तेव्हा त्या वडिलांनी बागेसरी विझवली व दुसरीकडे नोकरी धरली. पुढे १९९० साली तो कायदा रद्द झाला. परंतु त्या घरात बागेसरी पुन्हा पेटली नाही.

असो. दगडातील एक कण कसोटीवर घासला, तो हिरवट काळी रेघ उमटली. सोन्याची रेघ पिवळीच उमटते व शोऱ्याच्या तेजाबानेही पुसली जात नाही. मग कण ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. त्याचा भुगा झाला. सोने असते तर चपटे होऊन पसरले असते. तो होता लोखंड व गंधक यांचा संयोग, ज्याने जगभर थोरामोठ्यांसही फसविले आहे.

मुलाने विचारले, "मग आपल्या डोंगरात सोने का नाही?" हा प्रश्न आम्हांस फार आवडला. पारसिकचा डोंगर, तसाच महाराष्ट्रातील बहुतेक सह्याद्री, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या तप्त लाव्हारसाचा बनलेला आहे. त्यात सोने अगदीच नाही असे नाही, पण एका टन दगडात जेमतेम काही मिलिग्रॅम. ते वेचावयाचे कोणी? सोने एकवटावयास निराळाच योग लागतो. खोल भूगर्भात अतिशय तापलेले पाणी खडकांतून झिरपत असता सोन्याचे अंश विरघळवून घेते. ते पाणी भेगांतून वर चढते, निवते, आणि तेथे गारगोटीबरोबर सोने साचते. भेगेत बसलेल्या या गारगोटीच्या पट्ट्यास शीर म्हणतात. कर्नाटकातील अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत अशा शिरा आहेत. कोलारची खाण त्यांच्याच मागे मागे तीन किलोमीटरांहून खोल गेली. खर्च परवडेना म्हणून २००१ च्या फेब्रुवारीत ती बंद झाली. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण मात्र चालू आहे. आपल्या महाराष्ट्रातही नागपूर-भंडाऱ्याकडील जुन्या खडकांत भूवैज्ञानिकांस सोन्याचे अंश आढळले आहेत. अशा खाणींत एक टन खडक फोडून दळला तरी हाती येते ते थोडे ग्रॅम. आईच्या बोटातील अंगठी पाच ग्रॅमांची असेल तर तिच्यासाठी केवढा ढीग फोडावा लागला असेल, याचा हिशेब घरी करून पाहा.

शीर उघडी पडली की ऊनपाऊस ती झिजवितात व कण नदीत येतात. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड. एक लिटर पाणी राहील एवढ्या तांब्यात ते मावविले तर १९ किलोंहून अधिक भरेल. म्हणून वाळू वाहून जाते व सोने तळाशी बसते. विदर्भ-छत्तीसगढाकडील सोनझारी लोक लाकडी परातीत वाळू धुऊन ते वेचीत. आणि हेच काम आपल्या दारी कोण करी? झारेकरी! सोनाराच्या दुकानातील राख व केर तो विकत घेई, धुई आणि त्यातून पोट भरी. आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी दुकान झाडलेला केर बाहेर टाकला तर वडील रागावत. चिरंजीवांस हे प्रथम खरे वाटेना. टनाचा हिशेब कळल्यावर पटले.

खडकांत तरी सोने आले कोठून, असे तुम्ही विचारालच. ते पृथ्वीवर घडलेले नाही. अतिप्रचंड ताऱ्यांचे मृत अवशेष एकमेकांवर आदळतात तेव्हा सोन्यासारखी जड मूलद्रव्ये घडतात. अशा एका टकरीच्या लहरी व प्रकाश १७ ऑगस्ट २०१७ रोजी शास्त्रज्ञांनी टिपला. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्याचे ठरले आहे. ती पाहावयास तुम्हांपैकी कोणी जाईलच.

आता आमचे बोलणे पुरे. ती कसोटी आणि तो दगड, दोन्ही येथे मेजावर ठेवले आहेत. रांगेने या, आईची परवानगी असेल तर अंगठी हलकेच घासून रेघ पाहा. तेजाबाच्या बाटलीस मात्र कोणी हात लावू नये. ते काम आजोबा करतील.