ईडिपसला हवी होती फक्त जागा

आजच्या एपिसोडमध्ये एक ग्रीक पुराणकथा आणि आपली वांगणी.

ईडिपस हा थीब्सचा राजा. त्याच्या हातून नकळत बाप मारला जातो, नकळतच आईशी लग्न होतं. खरं कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. बरेच जण गोष्ट इथेच संपवतात. पाप केलं, आंधळा झाला, हिशोब पूर्ण.

मी सॉफ्टवेअरवाला. एरर आला की आधी चूक कुठे झाली ते शोधायचं, ही आमची सवय. पण माणसाच्या दुःखालाही आपण तेच लावतो. काठी टेकत कुणी डब्यात की-चेन विकायला आलं, की कुणीतरी हळूच म्हणतं, "मागच्या जन्मीचं असेल."

सोफोक्लीसने म्हातारपणी याच ईडिपसवर आणखी एक नाटक लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 401 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात आंधळा ईडिपस मुलीचा, अँटिगनीचा हात धरून अथेन्सजवळच्या कलोनसला येतो. नाव कळताच गावकरी म्हणतात, निघ इथून. तो ठामपणे सांगतो, माझ्या हातून घडलं ते नकळत घडलं, मी दोषी नाही. अथेन्सचा राजा थीसियस त्याला आसरा देतो. शेवटी मरणाची वेळ येते, तेव्हा ईडिपस कुणाचाही हात न धरता पुढे चालतो आणि डोळस माणसं त्याच्या मागून जातात.

दृष्टी काही परत येत नाही, तरी तो मोकळा होतो. पाप्याचा शिक्का त्याने स्वतः नाकारला आणि टेकायला जागा मिळाली, एवढ्यावर.

वांगणीत कितीतरी दृष्टिहीन कुटुंबं राहतात. भाडं परवडतं आणि पोटापाण्याला लोकल आहे. म्हणजे सेंट्रल लाइनचं कलोनसच! 17 एप्रिल 2021 ला इथल्याच स्टेशनवर दृष्टिहीन आईसोबत चालणारं मूल रुळांवर पडलं. समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले आणि त्याला वर घेतलं. बक्षिसाच्या 50 हजारांतले अर्धे त्या मुलासाठी देईन, असंही ते म्हणाले.

तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. पण त्या प्लॅटफॉर्मवरून लोक रोज जातात, आणि दरवेळी मयूरदादा जवळ असतीलच असं नाही. कडा पायाला कळायला हवी, अनाउन्समेंट वेळेवर हवी. आणि डब्यात कुणी "मागच्या जन्मीचं" म्हणालं, तर त्याला ईडिपसची पुढची गोष्ट सांगा. सांगता सांगता जरा सरकून घ्या, चौथी सीट होते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!