हाताने छापलेली पुस्तके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुस्तके जमवण्याचा माझा छंद तुम्हांस ठाऊक आहेच. आज एका छापखान्याविषयी दोन शब्द सांगते.

आयर्लंडात डब्लिनजवळ डंड्रम येथे १९०२ साली एलिझाबेथ यीट्स यांनी तो सुरू केला. कवी यीट्स यांच्या त्या भगिनी. १९०८ साली त्याचा ‘कूला प्रेस’ झाला. खिळे जुळवणे, शाई लावणे, हातयंत्रावर छापणे ही कामे तेथल्या मुलींनी शिकून केली. कागद चिंध्यांचा. पानावर बोट फिरवले की अक्षर हाताला लागते. रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ इंग्रजीत १९१४ साली तेथे छापले. प्रती अवघ्या ४००.

असे पुस्तक घेताना आधी शेवटचे पान पाहावे. कोणी, कोठे, केव्हा, किती प्रती छापल्या, ते तेथे असते. कडा कापू नयेत, नवी बांधणी करू नये; तसे केल्याने मोल जाते.

मात्र त्या पानावर एलिझाबेथबाईंचे नाव येते, खिळे जुळवणाऱ्या मुलींचे नाही. ते पाहून मला आपले कपाट आठवले. आपल्या पहिल्या स्मरणिकाही खिळ्यांवरच छापलेल्या. त्यांतल्या तीन आज कपाटात नाहीत. रद्दीत गेल्या असाव्यात. कोणाच्या माळ्यावर एखादी असल्यास, फाटकी असली तरी आणून द्यावी. आणि यंदाच्या शेवटच्या पानावर, अंकासाठी खपलेल्या प्रत्येकीचे नाव घालावे, एवढेच माझे मागणे.