नर्मदाकाठचा बिंदू : चित्रकार सय्यद हैदर रझा

(कलाशिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे नाव निघाले की दोन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात : त्यांचा तो प्रसिद्ध काळा बिंदू आणि त्यांच्या चित्रांना लिलावात आलेली कोट्यवधी रुपयांची किंमत. किमतीचा विचार येथे कर्तव्य नाही. बिंदूचा मात्र करावयाचा आहे. तो प्रथम उमटला एका खेडेगावच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर, आणि तेथून चित्रफलकावर यावयास त्याला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. या पन्नास वर्षांत रझा यांनी इतकी गावे, शहरे आणि देश पाहिले की त्यांचे खरे घर कोणते, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाच नव्हे, तर त्यांना स्वतःलाही पडत असे.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला होते. जंगलातील नोकरी म्हणजे आज या मुक्कामी तर उद्या त्या मुक्कामी. अशा कुटुंबातील मुलांना एका वाड्याची, एका ओट्याची माया जडावयास अवसर मिळत नाही. या मुलाला माया जडली ती अरण्याची आणि नर्मदेची. मायेच्या जोडीला भयही होते. रात्री साऱ्या आसमंतात दाटणारा काळोख, त्या काळोखात चाललेली गोंडांची नृत्ये, आणि मग दिवस उजाडताच बाजारच्या दिवशी दिसणारी रंगांची उधळण, हे सारे त्यांना म्हातारपणीही जसेच्या तसे आठवे. त्यांच्या चित्रांतील काळा रंग आणि त्याच्या शेजारी एकदम पेटून उठणारा लाल वा पिवळा यांचे मूळ शोधण्यासाठी तत्त्वज्ञानाच्या पोथ्या उघडण्यापूर्वी या जंगलाकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

ककैया येथील शाळेत हा मुलगा अभ्यासात यथातथाच होता. चित्त एका जागी ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी त्याला शिक्षा केली नाही. त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे टक लावून बसावयास सांगितले. बस्स, एवढेच. ते चित्रकलेचे शिक्षक नव्हते आणि आपण एका थोर चित्रकाराच्या कलेचे बीज पेरीत आहोत, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. आपणासारख्या शिक्षकांपुढे ही हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते ती यासाठी, की रझा यांनी ती पुढे पॅरिसमध्येही सांगितली आणि दिल्लीतही सांगितली, आणि प्रत्येक वेळी गुरुजींचे नाव घेऊन सांगितली.

ककैयानंतर दमोह आणि दमोहनंतर नागपूर. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि दमोहच्या मुलाला चित्रकला शिकावयाची तर नागपूरची वाट धरणे क्रमप्राप्तच होते. १९३९ ते १९४३ ही चार वर्षे रझा यांनी नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये काढली. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते १९४३ मध्ये मुंबईस आले, परंतु येईपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेली होती आणि शिष्यवृत्तीही हातची गेली. कोणीही परतीची गाडी पकडली असती. रझा थांबले. एका ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओत नोकरी पत्करून त्यांनी पोटाची सोय लावली आणि सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण यथावकाश पदरात पाडून घेतले. मुंबईचे रस्ते, पावसात न्हालेल्या इमारती, ट्रामच्या तारा यांची त्यांची त्या काळची जलरंगचित्रे आजही टवटवीत वाटतात.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, अमरावती जिल्ह्यातील हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे, के. एच. आरा, मकबूल फिदा हुसेन आणि रझा अशी ही सहा जणांची मंडळी. नव्या देशाची चित्रकला नवी असली पाहिजे, अशी त्यांची जिद्द होती. पण याच सुमारास रझा यांच्या घरावर आघातामागून आघात झाले. आई गेली, लगोलग वडील गेले. फाळणीनंतर भावंडे आणि पहिली पत्नी पाकिस्तानात निघून गेली. रझा गेले नाहीत. लहानपणी मंडल्याला त्यांनी महात्मा गांधींना पाहिले होते. देश सोडणे म्हणजे त्या महात्म्याचा विश्वासघात केल्यासारखे होईल, असे आपल्याला वाटले, हे कारण ते पुढे सांगत. या निर्णयाची किंमत मोठी होती. तिशीही न गाठलेला हा तरुण आता नात्यागोत्याला पारखा झाला होता.

१९४८ मध्ये रझा काश्मीरला चित्रे काढण्यासाठी गेले असता तेथे त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. चित्रे पाहून त्याने सांगितले की गुण आहेत, पण बांधणी नाही. इमारतीप्रमाणे चित्रालाही पाया लागतो, सेझानचा अभ्यास करा. रझा यांनी हा अभिप्राय मनाला लावून घेतला. ते फ्रेंच शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० च्या अखेरीस फ्रान्सला पोचले. पॅरिसच्या कलाविद्यालयात शिकत असतानाच त्यांची जानीन माँजिया या चित्रकर्तीशी ओळख झाली. १९५६ साली त्यांना तेथील समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ हा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या कलावंताला तो प्रथमच मिळत होता. १९५९ मध्ये त्यांनी जानीन यांच्याशी विवाह केला. पॅरिसमध्ये घर झाले आणि दक्षिण फ्रान्समधील गोर्बियो या डोंगरी खेड्यात दुसरे घर झाले. दरवर्षीचा उन्हाळा तेथे जाऊ लागला.

येथे एखाद्या चरित्रकाराने सुखान्त करून लेखणी खाली ठेवली असती. नाव, संसार, घर, सारे स्थिरस्थावर झाले होते. पण खरी अस्वस्थता तेव्हाच सुरू झाली. आपली चित्रे उत्तम आहेत, परंतु ती पॅरिसच्या कोणाही चांगल्या चित्रकाराची असू शकतील. त्यांत आपण कोठे आहोत, या प्रश्नाने त्यांना घेरले. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे अध्यापनासाठी गेले असता मार्क रोथको याची चित्रे पाहून रंग आणि भावना यांचे नाते त्यांना नव्याने उमगले. सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात येऊ लागले आणि आपल्या वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांपासून बनारस, राजस्थानपर्यंत हिंडले. १९७८ मध्ये मध्य प्रदेश शासनाने भोपाळ येथे त्यांचा गौरव केला. बालपणीचा मुलूख ते पुन्हा डोळे भरून पाहत होते.

याच काळात तो ठिपका परतला. १९८० च्या सुमारास रझा यांच्या चित्रात काळा बिंदू मध्यभागी येऊन बसला, आणि त्याभोवती पंचतत्त्वे, बीज, सूर्य, नाद यांची भौमितिक मांडणी सिद्ध झाली. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात तर बिंदूशेजारी देवनागरी अक्षरे उमटली. उत्तरायुष्यात या आकृतींची पुनरावृत्ती फार झाली, असा आक्षेप काही समीक्षक घेतात. तो सर्वस्वी निराधार नाही. अखेरच्या काळातील काही चित्रे ओळखीची खूण पटवून थांबतात, पुढे नेत नाहीत. रझा यांचे त्यावर उत्तर होते ते जपमाळेचे : एकच नाम पुनःपुन्हा घेणाऱ्याला कोणी कंटाळा आला का, असे विचारीत नाही. हे उत्तर पटो वा न पटो, ऐंशीच्या दशकातील त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर वाद घालण्याची इच्छा उरत नाही.

सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही रझा यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही. २००२ मध्ये जानीन यांचे निधन झाले आणि २०१० च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते कायमचे दिल्लीस राहावयास आले. तत्पूर्वी, २००१ मध्ये, त्यांनी रझा फाउंडेशन स्थापून आपल्या मिळकतीतून तरुण चित्रकार आणि कवींना साहाय्य देण्याची व्यवस्था केली होती. चाकांच्या खुर्चीत बसूनही ते रोज चित्रफलकापुढे येत. २०१३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

२३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. गोर्बियोला जानीन यांच्या सान्निध्यात विसावावे की दिल्लीत, असा पेच त्यांनी मागे ठेवला नव्हता. त्यांच्या इच्छेप्रमाणे पार्थिव मंडल्याला नेण्यात आले आणि नर्मदेच्या त्या गावी, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन झाले.