चेंडूफेक यंत्राची बॅटरी
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



टेनिस हा दोघांचा खेळ आहे आणि शिकूं पाहणाऱ्याची हीच मोठी अडचण असते. मैदान मिळतें, रॅकेट असते, अंगांत उत्साहही असतो. परंतु पलीकडून नेमका चेंडू टाकीत राहणारा जोडीदार रोज पहाटे कोठून आणावयाचा? फ्रान्सचे विख्यात खेळाडू रने लाकोस्त यांनीं १९२० नंतरच्या दशकांत सरावासाठीं चेंडू फेकणारें एक यंत्रच तयार केलें. त्याच कुळांतील, चाकांवर ओढून नेतां येण्याजोगीं यंत्रें आतां आपल्याकडील क्लबांतही आढळतात. त्यांपैकीं पुष्कळांत परस्परविरुद्ध दिशांनीं फिरणारीं दोन चाकें असतात. त्यांच्या फटींत शिरलेला चेंडू वेगानें बाहेर भिरकावला जातो. मैदानाच्या कडेला विजेची सोय बहुधा नसते, म्हणून यंत्राच्या पोटांत बॅटरी बसविलेली असते. त्या बॅटरीविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाहीं. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं, मुलीला जोडीदार मिळत नाहीं म्हणून, काटकसर करून असें यंत्र विकत घेतलें. जूनच्या पहिल्या पावसानें मैदान बंद झालें, तेव्हां आदल्या दिवशीं वापरलेलें यंत्र तसेंच जिन्याखालीं ठेवण्यांत आलें. दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढलें, तों चेंडू जाळीपर्यंतही पोहोंचेना. रात्रभर चार्जर लावून पाहिला. तरी दहा मिनिटांत यंत्र पुन्हा मंदावलें. यंत्रच टाकाऊ निघालें असा त्यांनीं निष्कर्ष काढला आणि मुलीचा सराव ऐन हंगामांत थांबला. वास्तविक यंत्र निर्दोष होतें. बॅटरी जितकी रिकाम्या पोटीं पडून राहिल्यानें मरते, तितकी ती कामानें मरत नाहीं. माझ्या भाषणाचें सार या एका वाक्यांत आहे.

असें कां होतें तें पाहूं. पुष्कळ चेंडूफेक यंत्रांत शिशाची, तोंड बंद केलेली बॅटरी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनीं १८५९ सालीं शोधलेल्या संचायकाची ती वंशज; आपल्या घरांतील इन्व्हर्टरची बॅटरीही बहुधा याच घराण्यांतली असते. शिसें, शिशाचें डायॉक्साइड आणि पातळ गंधकाम्ल यांच्यावर तिचा संसार चालतो. वीज खर्च होत असतांना आंतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. बॅटरी चार्ज करतांना तो विरून जातो. परंतु तो ताजा आहे तोंवरच सहज विरतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. जेवणें झाल्याबरोबर विसळलेलें भाताचें पातेलें चटकन निघतें. तेंच खरकटें वाळल्यावर काथ्यानें घांसूनही निघत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून पहिला नियम असा कीं, खेळ संपला त्याच दिवशीं बॅटरी चार्ज करावयास लावावी. मग ती थोडीच वापरलेली कां असेना. बॅटरी पूर्ण रिकामी झाल्यावांचून चार्ज करूं नये, असा एक समज अद्याप कानीं येतो. तो निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांवरून आलेला आहे. शिशाच्या बॅटरीला तोच उपदेश विषासारखा ठरतो.

आतां थोडें गणित. जुन्या शिक्षकाला त्यावांचून चैन पडत नाहीं. समजा, बॅटरीवर १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तास असें लिहिलें आहे आणि यंत्र सरासरी ५ अँपिअर प्रवाह घेतें. १८ ला ५ नें भागिलें कीं उत्तर साडेतीन तासांहून किंचित् अधिक येतें. पण बॅटरीवरील हा आंकडा सामान्यतः २० तास संथपणें वीज काढण्याच्या हिशेबानें दिलेला असतो. वीज जितकी भराभर काढावी तितकी ती एकंदरींत कमी मिळते. शिवाय चेंडूचा वेग दुप्पट केला, तर त्याला द्यावयाची ऊर्जा चौपट होते. तेव्हां कागदावरचे साडेतीन तास मैदानावर मिळत नाहींत.

जे मिळतात तेही सारे उपसूं नयेत. दर वेळीं निम्मी वीज वापरून चार्ज केलेली बॅटरी, दर वेळीं तळ गांठलेल्या बॅटरीपेक्षां सुमारें दुप्पट वेळां उपयोगी पडते. यंत्राची मांडणी न बदलतां चेंडू आखूड पडूं लागले, कीं तो बॅटरीचा निरोप समजून खेळ थांबवावा.

चार्ज करण्यांतही तारतम्य हवें. २ अँपिअरच्या चार्जरला अशा बॅटरीसाठीं जवळजवळ रात्र लागते. चांगला चार्जर काम संपतांच दाब १३.५ ते १३.८ व्होल्टांवर उतरवितो. साधा चार्जर तसें करीत नाहीं. तो दिवसेंदिवस लावून ठेवला, तर आंतील पाण्याचें वायूंत विघटन होतें आणि, तोंड बंद असल्यामुळें, तें पाणी पुन्हा भरतां येत नाहीं. अति तेथें माती! चार्जर काढल्यावर कांहीं तासांनीं व्होल्टमापक लावून पाहावा. १२.७ किंवा अधिक व्होल्ट दिसल्यास बॅटरी भरलेली, आणि १२.२ च्या सुमारास निम्मी समजावी. रात्रभर चार्ज करूनही आंकडा चढत नसेल, तर तिचें आयुष्य सरलें.

उष्मा हाही मोठा शत्रू आहे. तपमान २५ अंशांच्या वर सतत आठ-दहा अंश राहिलें, तर बॅटरीचें आयुष्य जवळजवळ निम्में होतें. वैशाखांत बंद मोटारीच्या डिकींत यंत्र ठेवणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

पावसाळ्यासाठीं वेगळा नियम नको. तोच नियम पाळावा. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, तिच्या तारा सोडवाव्या, ती थंड व कोरड्या जागीं ठेवावी. न वापरतांही ती हळूहळू उतरते, म्हणून नारळी पौर्णिमेस एकदां आणि दसऱ्यास एकदां चार्ज करावी. दसऱ्यास आपण हत्यारांची पूजा करतोंच. या हत्याराची खरी पूजा हीच.

अलीकडे कांहीं यंत्रांत वजनानें बऱ्याच हलक्या अशा लिथियमच्या बॅटऱ्या येतात. १९९१ मध्यें बाजारांत आलेल्या या जातीच्या पायाभूत संशोधनास २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. साठवणीच्या बाबतींत तिचा स्वभाव मात्र उलटा आहे. ती सुमारें अर्धी भरून ठेवावी. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावूं नये. आणि ती फुगलेली दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा.

उत्तम निगा राखली तरी कोणतीही बॅटरी कांहीं वर्षांनीं संपतेच. शिशाची जुनी बॅटरी वाटेल त्या भंगारवाल्याच्या हवालीं करूं नये. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीचें शिसें मातींत मिसळतें आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतें. भारत सरकारनें २०२२ सालीं केलेल्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवी घेतांना जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी.

पालकांना जातां जातां एक विनंती. हें काम आपण स्वतः न करतां मुलांकडे सोंपवावें. चेंडू मोजून गोळा करणें, रॅकेट जागेवर ठेवणें आणि बॅटरी चार्ज करावयास लावणें हे तिन्हीं खेळाचेच भाग आहेत. जें आपल्यासाठीं राबतें त्याला वेळेवर खाऊं घालावें, एवढें मूल शिकलें, तरी यंत्राचे पैसे पुष्कळ अंशीं वसूल झाले असें मी म्हणेन.